औषध एकच, पण चुकवायचं नाही

शाळेची प्रार्थना चालू असते. तिसऱ्या रांगेतला एक मुलगा एकदम ताठ होतो, डोळे वर फिरतात आणि तो धाडकन आडवा पडतो. हातपाय झटके देऊ लागतात, तोंडाला फेस येतो. पुढच्या अर्ध्या मिनिटात काय होणार हे कोल्हापुरात कुणाला सांगावं लागत नाही. कुणीतरी ओरडतं, "चप्पल आणा रे, चप्पल!" दुसरा कांदा फोडायला पळतो, तिसरा खिशातली किल्ली मुलाच्या मुठीत कोंबतो आणि एखादा जाणता दातखीळ सोडवायला चमचा शोधतो. दोनेक मिनिटांनी झटके थांबतात. ते थांबणारच असतात, बहुतेक फिट दोन-तीन मिनिटांत आपली आपण थांबते. श्रेय मात्र चपलेला जातं. कोल्हापुरी चपलेनं जगात पुष्कळ नाव कमावलं आहे, हे एक काम तिच्या खात्यावर आपण उगीचच चढवून ठेवलं आहे.

चपलेनं फारसं बिघडत नाही म्हणा. चमच्यानं दात तुटतात, पाणी पाजलं तर ते श्वासनलिकेत जातं. करायचं ते अगदी थोडं असतं. मुलाला कुशीवर वळवायचं, डोक्याखाली दप्तर किंवा घडी केलेला टॉवेल ठेवायचा, गळ्याजवळचं बटण सोडायचं आणि घड्याळाकडे बघायचं. पाच मिनिटांवर फिट चालली तर १०८ ला फोन लावायचा. पण माझा विषय त्या दोन मिनिटांचा नाही. त्यानंतरच्या दोन-तीन वर्षांचा आहे.

त्या दोन-तीन वर्षांची सुरुवात अनेकदा थोरल्या दवाखान्यात होते. थोरला दवाखाना म्हणजे सीपीआर, छत्रपती प्रमिलाराजे सर्वोपचार रुग्णालय. राजर्षी शाहू महाराजांच्या नावाचं सरकारी वैद्यकीय महाविद्यालय याच रुग्णालयाला जोडलेलं आहे. गगनबावडा, राधानगरी, शाहूवाडी इथून तर माणसं येतातच, पण घाटाखालच्या कोकणातून आणि कर्नाटकच्या सीमेवरच्या गावांतूनही येतात. पहाटेची एसटी धरून आलेली आई दुपारपर्यंत ओपीडीत बसते. तपासणी होते, मेंदूचा आलेख म्हणजे ईईजी निघतो, कधी स्कॅन होतो, आणि शेवटी तिच्या हातात एक बाटली पडते. एकच. सलाईन नाही, इंजेक्शन नाही, टॉनिकसुद्धा नाही. "एवढ्या एका औषधानं भागंल का ओ?" हा प्रश्न त्या आईच्या तोंडून येतोच. घरातल्या साध्या तापाला चार गोळ्या आणि एक सुई घेण्याची ज्यांना सवय आहे, त्यांना एवढ्या भयंकर दिसणाऱ्या आजारावर एक गोड सिरप म्हणजे डॉक्टरांनी मनावर घेतलं नाही असंच वाटतं.

प्रश्न रास्त आहे. वैद्यकशास्त्रालाही या प्रश्नाचं उत्तर मिळवायला विसावं शतक बरंचसं खर्चावं लागलं.

आधी आजाराबद्दल थोडं. आपल्याकडे याला आकडी म्हणतात, फेफरं म्हणतात, मिरगी म्हणतात, आता सरसकट फिट म्हणतात. चरकानं अपस्मार म्हटलं, म्हणजे स्मृती निघून जाणं. नटराजाच्या उचललेल्या पायाकडे आपण बघतो, पण टेकलेल्या पायाखाली जो बुटका दाबून धरलेला असतो त्याचंही नाव अपस्मारच. त्याला मारलेला नाही, नुसता पायाखाली धरला आहे. औषधाचं कामही तेवढंच आहे. मेंदूतल्या पेशी विजेच्या अगदी बारीक लहरींनी एकमेकींशी बोलत असतात. काही कारणानं त्यांतला मोठा गट एकाच वेळी, एकाच ठेक्यात पेटला की फिट येते. फेनिटॉइन किंवा कार्बामाझेपिन पेशीत सोडियम शिरण्याच्या दारावर पहारा बसवतात आणि ठिणगी पुन्हा पुन्हा पडू देत नाहीत. फेनोबार्बिटोन मेंदूतला स्वतःचा ब्रेक घट्ट करतं. लेव्हेटिरासिटाम पेशींमधला निरोप ज्या पिशव्यांतून जातो त्यांच्यावर काम करतं. वाटा निरनिराळ्या असल्या तरी यातलं कुठलंही औषध आजार मुळापासून उपटत नाही. फिट अडवून धरतं, आणि मुलाचा मेंदू वाढताना अनेकदा त्या खोडीतून आपोआप बाहेर पडतो. तोवर पाय टेकलेला ठेवायचा.

पहिलं खऱ्या अर्थानं उपयोगी औषध सापडलं ते ब्रोमाइड, १८५७ साली लंडनमध्ये. दुसऱ्याची हकिगत गमतीची आहे. १९१२ साली जर्मनीत आल्फ्रेड हाउप्टमान नावाचा तरुण डॉक्टर अपस्माराच्या रुग्णांच्या वॉर्डाच्या वर राहायचा. रात्रभर खाली कुणी ना कुणी पडायचं आणि याची झोपमोड व्हायची. रुग्णांना झोप लागावी म्हणून त्यानं फेनोबार्बिटोन दिलं, तर फिटच कमी झाल्या, आणि दिवसासुद्धा कमी झाल्या. १९३८ साली अमेरिकेत मेरिट आणि पटनम यांनी फेनिटॉइन आणलं. त्यानंतर एक पद्धतच पडून गेली. दोन चांगली औषधं आहेत ना, मग दोन्ही द्या. एका गोळीत दोन्ही औषधं घातलेली मिळू लागली, आपल्याकडेही ती गोळी कैक वर्षं खपली. फिट थांबली नाही की तिसरं औषध, तरी नाही थांबली की चौथं. कुठलं औषध काम करतंय आणि कुठलं नुसतं झोपवतंय हे कळायला मार्ग नव्हता, कारण रक्तात औषध किती उतरलं आहे हे मोजताच येत नव्हतं.

मोजता येऊ लागल्यावर चित्र बदललं. १९७० च्या दशकात लंडनच्या एडवर्ड रेनॉल्ड्स आणि सायमन शोर्वन यांनी असे जुने रुग्ण घेतले ज्यांना दोन-दोन औषधं चालू होती. एक औषध हळूहळू काढलं आणि राहिलेल्याची मात्रा नीट बसवली. बहुतेकांना एका औषधावर आणता आलं, आणि त्यातल्या अनेकांच्या फिट वाढायच्या ऐवजी कमी झाल्या. १९७९ साली हे छापून आलं आणि जुन्या डॉक्टरांना ते पचायला जड गेलं. आधीच्या कितीतरी रुग्णांना औषध कमी पडत नव्हतं, मात्रा कमी पडत होती, आणि मात्रा वाढवायच्या ऐवजी औषधं वाढवली जात होती.

पुढे २००० साली ग्लासगोच्या पॅट्रिक क्वान आणि मार्टिन ब्रॉडी यांनी आकडे मांडले. आधी कुठलाही उपचार न झालेल्या ४७० रुग्णांत ४७ टक्क्यांच्या फिट पहिल्याच औषधावर थांबल्या. त्यावर ज्यांच्या थांबल्या नाहीत त्यांना औषध बदलून दिलं, तेव्हा आणखी १३ टक्के बरे झाले. तिसऱ्या एकट्या औषधानं जेमतेम १ टक्का. आणि दोन औषधं एकत्र देऊन किती? ३ टक्के. हे रुग्ण नऊ वर्षांपासून म्हाताऱ्यांपर्यंतचे होते, निव्वळ मुलांचे आकडे नव्हेत. तरीही आईच्या प्रश्नाला यात सरळ उत्तर आहे. हो, बऱ्याच वेळा एका औषधानं भागतं. पहिल्यानं भागलं नाही तर दुसरं एकटं देऊन बघायचं. दोन योग्य औषधं योग्य मात्रेत देऊनही फिट थांबली नाही तर गोळ्यांचा ढीग वाढवून फारसं हाती लागत नाही, तिथून रस्ता वेगळा होतो. तो पुढे येईल.

कोल्हापूरच्या वाचकाला हे तालमीच्या भाषेत लवकर पटेल. एका पठ्ठ्याला दोन वस्ताद लावले की एक दंड वाढवायला सांगतो, दुसरा जोर कमी करायला सांगतो, आणि पोरगं मातीत उभं राहायच्या आधीच थकतं. औषधांचंही तसंच होतं. कार्बामाझेपिन, फेनिटॉइन आणि फेनोबार्बिटोन यकृताला जास्त कामाला लावतात, मग बरोबर दिलेलं दुसरं औषध रक्तातून लवकर उडून जातं. व्हॅल्प्रोएट उलट वागतं. त्याच्यासोबत लॅमोट्रिजिन दिलं तर लॅमोट्रिजिन रक्तात साचतं आणि अंगावर धोकादायक पुरळ येऊ शकतं. एकच औषध असलं आणि मूल पेंगायला लागलं, चिडकं झालं किंवा अंगावर पुरळ आलं तर गुन्हेगार कोण हे लगेच कळतं. तीन असली की प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवतो. आणि मुलाच्या बाबतीत पेंगणं ही किरकोळ गोष्ट नाही. फिट थांबली पण पोर वर्गात डुलक्या घेतंय, पाढे विसरतंय, तर त्या उपचाराला यश म्हणायला मी तयार नाही.

यावर एक भारतीय अभ्यास आहे आणि तो गरिबांच्या औषधाबद्दल आहे. फेनोबार्बिटोन सर्वांत स्वस्त, पण त्यानं मुलं चळवळी आणि हट्टी होतात अशी ख्याती होती, म्हणून श्रीमंत देशांत ते मागे पडलं. मग खेड्यातल्या मुलाला ते द्यावं की नाही? देव पाल आणि सहकाऱ्यांनी पश्चिम बंगालच्या ग्रामीण भागात ९४ मुलांना चिठ्ठ्या टाकाव्यात तसं वाटून फेनोबार्बिटोन किंवा फेनिटॉइन, पण एकच औषध दिलं. १९९८ साली 'लॅन्सेट'मध्ये निष्कर्ष आला, मुलांच्या वागणुकीत दोन्ही गटांत म्हणण्यासारखा फरक नव्हता. तीन वर्षांनी कर्नाटकातल्या येळंदूरचा असाच अभ्यास त्याच नियतकालिकात आला. डॉ. के. एस. मणी आणि सहकाऱ्यांनी तिथल्या खेड्यांत याच दोन जुन्या औषधांवर अपस्मार आटोक्यात आणून दाखवला होता. महागडं म्हणजे चांगलं हा समज निदान या आजारात तरी सोडून द्यावा. आज फेनोबार्बिटोन, फेनिटॉइन, कार्बामाझेपिन, व्हॅल्प्रोएट आणि लेव्हेटिरासिटाम ही पाचही औषधं देशाच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहेत.

मात्र "एकच" म्हणजे "कुठलंही एक" नव्हे. औषध आजाराच्या प्रकारावर ठरतं, आणि प्रकार ओळखण्यात यंत्रापेक्षा आईचे डोळे जास्त कामाला येतात. ईईजी सरळ आला तरी अपस्मार असू शकतो, म्हणून डॉक्टर पुन्हा पुन्हा विचारतात की फिट सुरू कशी झाली, आधी डोळे फिरले की हात, दोन्ही बाजू की एकच, झोपेत की जागेपणी. घाबरलेल्या माणसाला यातलं काहीच आठवत नाही. हल्ली मोबाइलनं ही अडचण सोडवली आहे. एकानं मुलाला कुशीवर धरावं आणि दुसऱ्यानं व्हिडिओ घ्यावा. लाजू नये. त्या चाळीस सेकंदांनी चुकीचं औषध टळतं.

चुकीचं औषध ही खरीखुरी शक्यता आहे. एक मुलगी घ्या. ती पडत नाही, झटके देत नाही. फळ्याकडे बघता बघता दहा सेकंद थिजते, पापण्या फडफडतात, आणि पुन्हा जिथं थांबली तिथून लिहू लागते. दिवसातून वीस-तीस वेळा. बाई म्हणतात लक्ष नसतं, वडील म्हणतात आळशी आहे. डॉक्टर तिला तीन मिनिटं कागदाची भिंगरी जोरजोरात फुंकायला लावतात आणि भिंगरी हातात असतानाच ती थिजते, झालं निदान. याला ॲबसन्स म्हणतात. या मुलीला कार्बामाझेपिन दिलं तर तिचं थिजणं वाढू शकतं. २०१० साली अमेरिकेत ट्रेसी ग्लाउझर आणि सहकाऱ्यांनी अशा ४५३ मुलांना तीनपैकी एकेक औषध दिलं. चार महिन्यांनी इथोसक्सिमाइड ५३ टक्क्यांत टिकलं, व्हॅल्प्रोएट ५८ टक्क्यांत, लॅमोट्रिजिन फक्त २९ टक्क्यांत. पहिली दोन बरोबरीची वाटतात, पण व्हॅल्प्रोएट घेणाऱ्या मुलांचं लक्ष जास्त विचलित होत होतं, म्हणून पहिला मान इथोसक्सिमाइडला मिळाला. शिवाय व्हॅल्प्रोएट मोठं होऊ घातलेल्या मुलीला देताना डॉक्टर दहादा विचार करतात, कारण पुढे गरोदरपणात त्यानं बाळात व्यंग येऊ शकतं आणि बाळाच्या बुद्धीवरही परिणाम होऊ शकतो. पण ही भीती ऐकून कुणी चालू बाटली आपल्या मनानं बंद करू नये, डॉक्टरांना विचारावं.

काही मुलांना तर एकही औषध लागत नाही. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाला तापात आलेली साधी आकडी म्हणजे अपस्मार नव्हे, त्याला रोजचं औषध सहसा नसतं. शाळकरी मुलांत एक सौम्य प्रकार असतो, पहाटे झोपेत तोंड एका बाजूला ओढलं जातं, लाळ गळते, बोलता येत नाही. तो मिसरूड फुटायच्या वयात बहुधा जातोच, आणि फिट फार नसल्या तर डॉक्टर नुसतं लक्ष ठेवायला सांगतात.

आपल्या देशाचं एक खास प्रकरण इथं सांगायला हवं. मुलाला पहिली फिट येते, स्कॅनमध्ये मेंदूत एक छोटा पांढरा गोल ठिपका दिसतो आणि "मेंदूत गाठ" हे दोन शब्द घरभर रडारड उठवतात. एके काळी हा ठिपका क्षयाचा समजून मुलांना महिनोन्‌महिने क्षयाची औषधं दिली जात. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमधल्या चंडी, राजशेखर आणि सहकाऱ्यांनी अशा गाठी काढून तपासल्या तेव्हा बहुतेकांत पट्टकृमीची अळी निघाली. त्यांचा १९९१ सालचा लेख त्यामुळे गाजला. डुकराचं मांस न खाणाऱ्या घरातही हा आजार येतो, कारण कृमीची अंडी माणसाच्या विष्ठेतून माती-पाण्यात जातात आणि न धुतलेल्या कोथिंबिरी-मेथीवरून आपल्या ताटात येतात. हा एकटा ठिपका बऱ्याचदा काही महिन्यांत विरतो, आणि तोवर मूल एकाच औषधावर सुखानं राहू शकतं.

आता जी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती सांगतो, आणि ती दवाखान्यात नाही, स्वयंपाकघरात आहे.

घरातले तीन चमचे काढा. चहाचा, पोह्याचा आणि औषधाचा म्हणून वेगळा ठेवलेला. तिन्ही भरून त्यातलं पाणी सिरिंजमध्ये ओढून मोजा. आकडे तीन निघतील. "एक चमचा सकाळी, एक चमचा रात्री" या वाक्यावर वर्षभर उपचार चालला तर मुलाला नेमकं किती औषध गेलं हे ब्रह्मदेवही सांगू शकणार नाही. म्हणून सुई नसलेली पाच मिलीची सिरिंज घ्यावी, तिच्यावर मार्करनं रेघ मारावी आणि आजी असो की काका, ज्यानं त्यानं त्या रेघेपर्यंतच भरावं. फेनिटॉइनच्या बाटलीची तर आणखी एक खोड आहे. औषध खाली बसतं. बाटली न हलवता दिली तर पहिले पंधरा दिवस वरचं पातळ पाणी पोटात जातं आणि फिट येतात, शेवटचे दिवस तळाचा गाळ जातो आणि पोर दारू प्यायल्यासारखं झोकांड्या खातं. शिवाय या औषधाचा हिशोब सरळ नसतो. एका मर्यादेनंतर मात्रा जराशी वाढवली तरी रक्तातलं प्रमाण एकदम उसळतं.

दुसरा हिशोब वजनाचा. धरून चला, तीन वर्षांच्या चौदा किलोच्या मुलाला व्हॅल्प्रोएट चालू झालं, दिवसाला २८० मिलिग्रॅम, म्हणजे किलोमागे २०. पाच मिलीत २०० मिलिग्रॅम असलेल्या सिरपचे साडेतीन मिली सकाळी, साडेतीन मिली रात्री. फिट थांबली, सगळे खूश, जुनी चिठ्ठी दाखवून औषध दुकानातून बाटल्या येत राहिल्या. मुलगा सात वर्षांचा झाला, बावीस किलोचा झाला, मात्रा तीच. आता किलोमागे तेरासुद्धा पडत नाही. मग एके दिवशी फिट येते आणि घरचे म्हणतात, "औषध लागू पडंना झालं." औषध तेच होतं, मूल मोठं झालं होतं. अशा वेळी कुणी दुसरं औषध जोडलं तर ते विनाकारण जोडलं गेलं म्हणायचं.

आणि चुकलेले डोस. ज्योतिबाच्या चैत्र यात्रेला सगळं घर निघतं, बाटली फळीवर राहते. गणपतीच्या मिरवणुकीत मूल पहाटेपर्यंत खांद्यावर जागं असतं. डोस चुकला आणि झोपही मोडली की फिटेला आयतं निमंत्रण मिळतं. मुलाला यात्रेला न्यावंच, पण बाटली पिशवीत आधी टाकावी आणि दहाला त्याला झोपवावं. काही घरांत मी एक फार चांगली पद्धत बघितली आहे. भिंतीवरच्या कालनिर्णयवर ज्या दिवशी फिट आली त्या तारखेला लाल गोल आणि डोस चुकला त्या तारखेला निळी फुली. तीन महिन्यांची पानं डॉक्टरांसमोर ठेवली की बोलायचं फारसं उरत नाही, लाल गोल निळ्या फुल्यांच्या मागोमाग आलेले दिसतात.

औषध अचानक बंद करणं हा सर्वांत वाईट अपघात. कुणीतरी गावातला "खात्रीचा" माणूस सांगतो, तो पुड्या देतो आणि अट घालतो की इंग्रजी औषध आजपासून बंद. बाटली बंद झाली की फिटांमागून फिटा येऊ शकतात, मधे शुद्धच येत नाही, आणि ही स्थिती जिवावर बेतते. कधी पुड्यांनी फिट थांबतेही. का थांबते? देशात अशा काही पुड्या तपासल्या तेव्हा त्यांत फेनोबार्बिटोन मिसळलेलं सापडलं आहे. म्हणजे पोर त्याच इंग्रजी औषधावर असतं, फक्त मात्रा कुणालाच ठाऊक नसते.

बंद करायचं ते डॉक्टरांनी, आणि हळूहळू. साधारण दोन वर्षं एकही फिट आली नाही की बऱ्याच मुलांचं औषध काही आठवड्या-महिन्यांत कमी करत थांबवतात आणि त्यातली बहुतेक मुलं पुढे बरी राहतात. काही प्रकारांत, विशेषतः किशोरवयात सुरू होणाऱ्या सकाळच्या झटक्यांत, औषध पुष्कळ वर्षं ठेवावं लागतं.

आता तो वेगळा रस्ता. दोन योग्य औषधं योग्य मात्रेत वापरूनही फिट चालूच असेल तर आंतरराष्ट्रीय अपस्मार संघटनेच्या २०१० च्या व्याख्येप्रमाणे तो औषधाला न जुमानणारा अपस्मार. तिथं दोन औषधांची जोडी देतात, स्निग्ध पदार्थांवर आधारलेला कीटोजेनिक आहार असतो, आणि काही मुलांत शस्त्रक्रिया. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेत १९९५ पासून अपस्माराच्या शस्त्रक्रिया होतात. पाच वर्षं औषधं बदलत आणि वाढवत बसण्यापेक्षा मोठ्या केंद्रात लवकर दाखवलेलं बरं. तान्ह्या बाळांचा एक प्रकार मात्र एक दिवसही थांबायला देत नाही. सहा-सात महिन्यांचं बाळ झोपेतून उठताना पुन्हा पुन्हा नमस्कार केल्यासारखं पुढे वाकतं आणि घरचे पोटदुखी समजून घुटी देतात. १८४१ साली डब्ल्यू. जे. वेस्ट या इंग्रज डॉक्टरनं स्वतःच्या मुलात हे पाहून 'लॅन्सेट'ला पत्र लिहिलं होतं. त्याची औषधंच निराळी आहेत आणि उशीर झाला तर बुद्धी मागे पडते. असं वाकणं दिसलं तर त्याच दिवशी व्हिडिओ घेऊन बालरोगतज्ज्ञ गाठावा.

औषधाखेरीज या आजाराला एक दुसरं ओझं आहे, लपवण्याचं. मुलीचं लग्न मोडेल म्हणून बाटली कपाटात जाते, शाळेला सांगत नाहीत, दुपारचा डोस बुडतो. हिंदू विवाह कायद्यात अपस्मार हा विवाह रद्द ठरण्याचा मुद्दा होता, १९९९ साली तो काढून टाकला. कायदा सुधारला, सोयरीक जुळवणारे अजून सुधारायचे आहेत. पुण्यात यशोदा वाकणकर यांनी स्वतः अपस्मार अनुभवून 'संवेदना' हा गट उभा केला, तिथं माणसं एकमेकांशी उघड बोलतात. सरकारी पातळीवर ६ फेब्रुवारी २०१३ रोजी पालघरमधून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडी आणि शाळा तपासणीच्या यादीत फिटेचाही समावेश आहे. पथक शाळेत आलं की आईनं आणि गुरुजींनी तोंड उघडायला हवं, एवढंच.

खेळाचं विचाराल तर २०१६ मध्ये आंतरराष्ट्रीय अपस्मार संघटनेनं खेळांची वर्गवारी केली. फुटबॉल आणि कुस्ती दोन्ही त्यात जादा धोका नसलेल्या गटात आहेत. कोल्हापूरच्या पोराला आणखी काय हवं! पोहणं मात्र जपून. विहिरीत, रंकाळ्यात किंवा पंचगंगेत एकट्यानं नाही, काठावर पोहणारा मोठा माणूस हवा.

तर थोरल्या दवाखान्यात असो की गावच्या डॉक्टरांकडे, पुढच्या तारखेला जाताना चार वस्तू पिशवीत टाका. चालू असलेली बाटली, रेघ मारलेली सिरिंज, कालनिर्णयची पानं आणि मोबाइलमधला व्हिडिओ. आणि आत जायच्या आधी मुलाला वजनकाट्यावर उभं करा.